२०० म्हणजे सगळं ठीक नव्हे: शिफारस-यादीच्या स्वयंचलित निगेचं एक प्रकरण

तक्रार एका पालकांकडून आली. आकाशनिरीक्षणाची हौस असणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका साइटवर 'हेही पाहा' नावाचं पान होतं. त्यातल्या एका दुव्यापुढे 'मुलांसोबत बघायला छान' अशी टिपणी होती, आणि तो दुवा उघडला की समोर ऑनलाइन जुगाराची जाहिरात येत होती. संपादकांना आधी हे खरंच वाटेना. दुवे तपासणारी एक स्क्रिप्ट रोज रात्री चालायची आणि तिच्या अहवालात या दुव्यापुढे कित्येक महिने हिरवी खूण होती.

प्रकरण माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर. मागणी साधी होती: यादी आपोआप अद्ययावत राहील असं काहीतरी करून द्या. शंभराच्या पुढे दुवे, संपादक एकच, तोही फावल्या वेळात काम करणारा. तारानकाशे, ग्रहणांची वेळापत्रकं, स्वतःची दुर्बीण बनवणाऱ्यांच्या नोंदी, रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांची निरीक्षणं वर्षानुवर्षं लिहून ठेवणारे हौशी लोक, असा सगळा माल. या साइटवर सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान हेच होतं, आणि सर्वांत कमी हात लागायचा तोही यालाच.

'आपोआप अद्ययावत' या दोन शब्दांत चार वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात, हे पहिल्याच बैठकीत कागदावर मांडावं लागलं. मेलेला दुवा ओळखणं, हलवलेल्या पानाचा नवा पत्ता शोधणं, कोणाकडे काय नवीन आलं ते दाखवणं, आणि चौथं म्हणजे पान अजून शिफारस करण्याजोगं आहे का ते ठरवणं. पहिली तीन कामं यंत्राला कमी-अधिक जमतात. चौथं जमत नाही, आणि तक्रार नेमकी चौथ्याबद्दलची होती.

दुवे मरतात किती, याची कल्पना यावी म्हणून दोन आकडे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ही मोजणी पान उघडतं की नाही याची. उघडणाऱ्या पानावर मजकूर तोच आहे का, हा प्रश्न निराळा. तो हार्वर्डच्या झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांनी २०१४ च्या सुमारास विचारला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकी सुमारे निम्म्यांवर मूळ संदर्भाचा मजकूर आता सापडत नाही, असं त्यांना आढळलं. न्यायालयाच्या निकालांची ही गत, तर हौशी लोकांच्या यादीचं काय सांगावं! हाताने राखलेल्या मोठमोठ्या याद्याही टिकल्या नाहीत. याहूची निर्देशिका २०१४ मध्ये बंद झाली आणि हजारो स्वयंसेवकांनी सांभाळलेली डीमॉझ २०१७ मध्ये.

आधीची स्क्रिप्ट काय करत होती

प्रत्येक पत्त्याला ती एक 'हेड' विनंती पाठवायची. हेड म्हणजे पानाचा मजकूर न मागता उत्तराच्या सुरुवातीची तांत्रिक माहिती तेवढी मागणं. उत्तरात २००, म्हणजे 'पान मिळालं' असं सांगणारा सर्व्हरचा संकेतांक, आला तर हिरवं, दुसरं काहीही आलं तर लाल, आणि लाल दुव्यांची यादी सकाळी संपादकांच्या ईमेलमध्ये.

या मांडणीत खोट्या तक्रारी खूप येतात. काही सर्व्हरांना हेड विनंती मान्यच नसते. ते ४०५ म्हणतात, किंवा यंत्रासारखा कोणी दिसला की ४०३ देऊन दार लावतात. कुठे फार वेगाने विनंत्या गेल्या म्हणून ४२९ येतं, कुठे सर्व्हरची डागडुजी चालू म्हणून ५०३, तर कुठे सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं ९० दिवसांच्या मुदतीची राहिली आहेत. नूतनीकरणाची व्यवस्था एकदा चुकली की चांगली चालती साइटही दोन दिवस तुटलेली दिसते. परिणामी रोज सकाळी दहा-बारा लाल ओळी, त्यातल्या बहुतेक संध्याकाळपर्यंत आपोआप बऱ्या होणाऱ्या. संपादकांनी तो ईमेल वाचणं कधीच सोडून दिलं होतं. त्यात त्यांचा दोष नाही. जी सूचना नेहमी खोटी निघते ती कोण वाचणार?

पण खरं दुखणं दुसऱ्या टोकाला होतं. जुगाराच्या पानाने २०० हेच उत्तर दिलं होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं. विनंती पोचली, पान मिळालं. पान कोणाचं, हे २०० कधी सांगतच नाही. घराचा मालक बदलला तरी दारावरचा क्रमांक तोच राहतो, तसं.

नाव हातोहात कसं जातं

हे कसं घडलं ते शोधायला फार वेळ लागला नाही, पण ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी रचना त्यावर उभी राहिली.

डॉट-कॉमसारख्या डोमेनचं, म्हणजे साइटच्या नोंदणीकृत नावाचं, नूतनीकरण राहून गेलं की नाव लगेच मोकळं होत नाही. नोंदणी करणारी कंपनी ते जास्तीत जास्त ४५ दिवस धरून ठेवू शकते. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, ज्यात मूळ मालक जादा पैसे भरून नाव परत मिळवू शकतो. मग ५ दिवस 'पुसण्याच्या रांगेत', आणि त्यानंतर जो पहिला येईल त्याचं. ही नावं क्षणार्धात उचलण्यासाठी टपून बसलेल्या सेवा असतात. त्या कोणती नावं उचलतात? ज्यांच्याकडे बाहेरून जुने, प्रतिष्ठित दुवे येतात ती. म्हणजे आपल्यासारख्यांनी मनापासून केलेली शिफारस हीच त्या नावाची किंमत वाढवते. शिफारस-यादीचं पान या अर्थाने धोक्याच्या मधोमध बसलेलं असतं, आणि हे मला तरी बातम्यांच्या पानापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

यातून एक उपयोगी खूण मिळाली. डोमेनच्या नोंदणीची माहिती आरडॅप नावाच्या प्रणालीतून यंत्राला वाचता येते. हूइज या त्याच कामाच्या जुन्या प्रणालीची जागा आता तिने घेतली आहे. डॉट-कॉमसारख्या जागतिक डोमेनांसाठी हूइजची सक्ती जानेवारी २०२५ मध्ये संपली. आरडॅपच्या उत्तरात नोंदणीची तारीख असते. आपण दुवा यादीत घातला त्या तारखेनंतरची जर नोंदणीची तारीख दिसत असेल, तर मधल्या काळात नाव सुटून पुन्हा कोणीतरी घेतलं आहे. दुसरा अर्थ जवळपास निघतच नाही. जुगाराच्या दुव्याचं डोमेन तपासलं, आणि नोंदणी यादीतल्या नोंदीपेक्षा कितीतरी नंतरची निघाली. मग सगळ्या यादीवर हीच चाचणी लावली. आणखी काही दुवे सापडले, त्यात एक औषधांच्या दुकानाचा होता.

मात्र ही चाचणी पुरेशी नाही. बऱ्याच नोंदणी कंपन्या मुदत संपलेलं नाव पुसलं जाण्याआधीच लिलावात विकतात, आणि अशा वेळी नोंदणीची जुनी तारीख तशीच राहते. काही देशांच्या डोमेनांसाठी आरडॅप उपलब्धही नसतं. म्हणून दुसरी खूण लागते, ती मजकुराची.

मजकूर बदलला हे ओळखायचं कसं? अख्ख्या पानाचा हॅश (मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा छोटा ठसा) काढून तुलना करणं हा पहिला सुचणारा आणि निरुपयोगी उपाय. तारीख, जाहिराती, 'आज किती जणांनी पाहिलं' असल्या गोष्टींमुळे हॅश रोज बदलतो. आम्ही तीन गोष्टी जपून ठेवल्या: पानाचं शीर्षक, पानाने जाहीर केलेली भाषा, आणि मजकुरातले वारंवार येणारे शब्द. आधीच्या नोंदीशी शब्दांचा मेळ फारच कमी झाला, किंवा शीर्षक आणि भाषा एकदम बदलली, की दुवा 'माणसाने पाहावा' या रांगेत जातो. चांगल्या साइटची नवी मांडणी झाली तरीही तो रांगेत येतो. येऊ दे. अशा नव्या मांडण्या रोज होत नाहीत.

हे पाहायचं तर हेड विनंती पुरत नाही, पूर्ण पान मागवावं लागतं. म्हणून तपासणी रोजची आठवड्याची केली. एकाच सर्व्हरवर दोन विनंत्यांत अंतर ठेवलं, स्क्रिप्टने स्वतःची ओळख आणि संपर्काचं पान सांगावं अशी सोय केली, आणि सर्व्हरने 'इतक्या वेळाने या' म्हटलं तर ते पाळायचं ठरवलं. दुसऱ्याच्या दारात वारंवार जाणाऱ्याने एवढं करावंच.

दोन फायली

रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय दिसायला अगदी किरकोळ आहे. यादीची माहिती दोन फायलींत विभागली. पहिली संपादकांची: नाव, पत्ता, टिपणी, यादीत घातल्याची तारीख, आणि माणसाने हे पान शेवटचं कधी वाचलं ती तारीख. दुसरी यंत्राची: शेवटचं उत्तर, शेवटचं यश, रीडायरेक्टनंतरचा (साइटने दुसरीकडे वळवल्यानंतरचा) पत्ता, शीर्षक, फीडमधली (साइटच्या नव्या लेखांच्या, यंत्राला वाचता येणाऱ्या यादीतली) ताजी नोंद. यंत्राने पहिल्या फायलीला हात लावायचा नाही. त्याला बदल हवासा वाटला तर त्याने प्रस्ताव मांडायचा, संपादकांनी मान्य करायचा. दोन्ही फायली गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत असल्याने कोणी कधी काय बदललं ते दिसतं.

एक अपवाद ठेवला, रीडायरेक्टसाठी. ३०१ आणि ३०८ म्हणजे पान कायमचं हललं, ३०२ आणि ३०७ म्हणजे तात्पुरतं. तात्पुरत्यासाठी पत्ता बदलायचा नाही हे उघड आहे. पण ३०१ वरही आंधळा विश्वास ठेवला तर फसगत होते. साइट गुंडाळणारे लोक पुष्कळदा सगळ्या जुन्या पानांवरून ३०१ लावून मुखपृष्ठावर आणून सोडतात. तेव्हा 'शनीच्या कड्यांचं निरीक्षण' म्हणून दिलेला दुवा एखाद्या कंपनीच्या स्वागतपानावर उतरतो आणि तपासणीत पुन्हा २०० दिसतं. म्हणून नियम असा: डोमेन तेच असेल, बदल फक्त एचटीटीपीचं एचटीटीपीएस होण्याचा किंवा शेवटच्या तिरक्या रेघेचा असेल, आणि लागोपाठच्या काही तपासण्यांत तेच उत्तर आलं असेल, तरच यंत्राने स्वतःहून पत्ता दुरुस्त करावा. आतल्या पानावरून मुखपृष्ठावर नेणारा रीडायरेक्ट ४०४ सारखाच, म्हणजे 'पान सापडलं नाही' असाच, धरायचा.

४०४ आणि ४१० मध्येही फरक केला. ४१० म्हणजे 'हे पान आम्ही मुद्दाम काढलं'. तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही. ४०४, डोमेन न सापडणं, प्रमाणपत्राची कुरबुर यांना महिनाभर मुदत द्यायची. संपादकांना तोवर काहीच कळवायचं नाही. सकाळचा ईमेल पुन्हा वाचला जाऊ लागला तो या एका नियमामुळे.

आणि एक सुरक्षेची अट: एकाच फेरीत यादीचा मोठा हिस्सा अचानक लाल झाला तर ती फेरीच रद्द. अशा वेळी दुखणं जगाचं नसतं, आपल्याच सर्व्हरच्या जोडणीचं असतं. ही अट नसती तर एखाद्या रात्री नेटवर्क गेलं की सकाळी अख्खी यादी लाल.

दुवा मेलाच असं ठरलं की तो पानावरून गायब करायचा का? संपादकांनी ठाम नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. टिपणीसह नाव तसंच ठेवून दुवा वेबॅक मशीनमधल्या, म्हणजे इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या संग्रहातल्या, प्रतीकडे वळवला, शेजारी स्पष्ट लिहिलं की मूळ पान आता नाही, ही जतन केलेली प्रत आहे. इंटरनेट अर्काइव्हची एक सोपी सेवा पत्ता आणि तारीख दिली की त्या तारखेच्या सर्वांत जवळची प्रत सांगते. इथे तारीख कोणती द्यायची हे महत्त्वाचं. सर्वांत नवी प्रत मागितली तर जुगाराच्या पानाचीच प्रत मिळण्याची भीती. आम्ही दुवा यादीत घातल्याची तारीख देतो, कारण शिफारस त्या दिवशीच्या पानाची होती. नव्या दुव्यांसाठी तर यादीत घालतानाच एक प्रत जतन करायला सांगितली जाते, म्हणजे पुढे शोधाशोध नको. मुलांसाठीचा तो दुवाही आता अशाच एका प्रतीकडे जातो.

ताजेपणाचा सोस

संपादकांची एक हौस होती: यादी अशी लावायची की ज्याने नुकतंच काही लिहिलं तो वर. आरएसएस २.० हा फीडचा प्रकार २००२ पासून आणि अॅटम २००५ पासून आहे. निम्म्याहून अधिक दुव्यांना दोहोंपैकी एक फीड होतं. फीड मागवणं स्वस्त पडतं. आधीच्या वेळी मिळालेला ईटॅग (मजकुराच्या त्या आवृत्तीची खूणचिठ्ठी) परत पाठवला की काही बदललं नसल्यास सर्व्हर नुसतं ३०४ म्हणतो, मजकूर पाठवत नाही. तेव्हा हे करून दिलं.

काही आठवड्यांतच यादीची चाल बिघडली. दिवसाला तीन-तीन बातम्या पुढे ढकलणारे कायम वर, आणि ऋतूत एकदा पण जीव ओतून लिहिणारा रूपविकारी ताऱ्यांचा निरीक्षक तळाशी. एका फीडमधल्या नोंदीवर चुकून पुढच्या वर्षाची तारीख होती, तो तर पहिल्या क्रमांकावरून हलेचना. भविष्यातली तारीख दिसली की ती धरायची नाही, हा नियम लगेच घातला. पण मूळ घोळ तारखेचा नव्हताच. वारंवार लिहिणं आणि चांगलं लिहिणं यांचा काही संबंध नाही, आणि क्रमवारी मात्र तो असल्यासारखी वागत होती. शेवटी क्रम पुन्हा संपादकांच्या हाती दिला. यंत्र आता प्रत्येक नावाखाली ताज्या नोंदीचं शीर्षक आणि महिना एवढंच बारीक अक्षरांत दाखवतं. ते शीर्षकही जसंच्या तसं पानात ओतलं जात नाही. त्यातला कोड निष्प्रभ करून मगच ते छापलं जातं, कारण दुसऱ्याच्या फीडमध्ये काय येईल याची हमी कोणी द्यावी?

तारानकाशे आणि संदर्भपानं यांना या भानगडीतून पूर्ण वगळलं. नक्षत्रांच्या आकृत्यांचं चांगलं पान पाच वर्षं बदललं नाही तर ते शिळं होत नाही. त्याउलट धूमकेतूंच्या स्थितीचं पान महिनाभर थांबलं तरी निकामी. म्हणून 'शांत आहे' ही खूण कधी लागायची, ते प्रत्येक दुव्यापुढे संपादकच ठरवतात.

याच निमित्ताने फीड असलेले सगळे दुवे ओपीएमएल फाइलमध्येही, म्हणजे फीडच्या याद्या देण्या-घेण्याच्या फाइलमध्येही, द्यायला सुरुवात केली. डेव्ह वायनर यांनी २००० च्या सुमारास आणलेला हा प्रकार अजून जवळपास प्रत्येक फीड-वाचकाला कळतो. वाचकांना अख्खी यादी एका खेपेत आपल्याकडे घेता येते.

देवनागरी पत्त्यांनी थोडा त्रास दिला. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपात नऊ अक्षरांचं होतं, त्यामुळे एकच पान एका ठिकाणी वाचनीय रूपात आणि दुसऱ्या ठिकाणी टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेत नोंदलेलं. यंत्राला ते दोन वेगळे दुवे वाटले. त्यातही 'ऱ' युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) एका संकेतांकाने लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. तुलनेआधी दोन्ही पत्ते एकाच प्रमाणित रूपात आणले की मिटलं.

माणसाची पाळी

दर आठवड्याला यंत्र यादीतले तीन दुवे संपादकांपुढे ठेवतं, ज्यांचं 'शेवटचं वाचन' सर्वांत जुनं आहे असे. ते उघडायचे, खरंच वाचायचे, आणि तारीख बदलायची. टिपणी अजून लागू आहे का, एवढाच प्रश्न. सगळ्या यंत्रणेत तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपा भाग हाच, आणि माझ्या मते सर्वांत फलदायीही. बदललेलं डोमेन चाचणीत सापडेल. पण दुर्बिणींचं परीक्षण करणारा एखादा माणूस हळूहळू एकाच कंपनीच्या दुर्बिणी वाखाणू लागला, हे शब्दांच्या मेळात कधी दिसणार नाही. असे दोन दुवे वाचनातच सापडले आणि गेले.

काढलेल्या दुव्यांची कारणासह वेगळी नोंद राहते, नाहीतर वर्षभराने तोच दुवा कोणीतरी उत्साहाने पुन्हा सुचवतो.

वेळापत्रकाने चालणारी स्क्रिप्ट स्वतःच बंद पडली तर? काही मोफत सेवा बरेच दिवस हालचाल नसलेल्या प्रकल्पांचं वेळापत्रक थांबवतात, आणि न चाललेली स्क्रिप्ट त्रुटीचा ईमेलही पाठवत नाही. म्हणून पानाच्या तळाशी शेवटच्या तपासणीची तारीख छापली जाते, आणि ठरल्या वेळी स्क्रिप्टकडून हजेरी आली नाही तर दुसरी एक स्वतंत्र सेवा संपादकांना कळवते.

एक वाद मात्र अजून चालू आहे. यादीतल्या काही साइटींनी आता पहिल्या दोन परिच्छेदांनंतर पैसे मागायला सुरुवात केली आहे. यंत्राला तिथे २०० मिळतं, शीर्षक तेच, भाषा तीच, दोन परिच्छेदांतले शब्दही तेच. संपादकांचं म्हणणं, चांगलं आहे तर राहू दे, शेजारी तसं लिहू. माझं म्हणणं, जे वाचकाला वाचताच येत नाही ते निदान वेगळ्या गटात हलवा. सध्या ते दुवे जिथल्या तिथे आहेत, आणि 'माणसाने पाहावा' या रांगेतही.